गावाला मिळालेला पाणी मोजायचा संच: साउंडरला पैकीच्या पैकी, फलकाला भोपळा

अटल भूजल योजना 25 डिसेंबर 2019 ला सुरू झाली. 6,000 कोटींची योजना, त्यातले निम्मे जागतिक बँकेचं कर्ज, सात राज्यं. महाराष्ट्रातले 13 जिल्हे आणि 43 तालुके तिच्यात आले. त्या गावांच्या वाट्याला आलेल्या सामानाचं हे परीक्षण आहे: पर्जन्यमापक, पाणीपातळी मोजायचा साउंडर, पाइपवर बसणारा फ्लोमीटर, निरीक्षण बोअरमधला स्वयंचलित पातळी नोंदक, भिंतीवरचा फलक आणि या सगळ्यांचे आकडे जिथे येऊन बसतात तो पाण्याचा ताळेबंद. योजनेबाहेरच्या गावांनाही यातलं सगळं बाजारात विकत मिळतं. त्यामुळे काय घ्यावं, काय नाही, हा प्रश्न त्यांनाही आहे.

कसोटी एकच लावली आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीची पेरणी व्हायच्या आत, या सामानातून निघालेला आकडा कुणाच्या पिकाचा बेत बदलू शकतो का? जो बदलू शकतो तो कामाचा. बाकीचं सामान छान दिसतं, एवढंच.

साउंडर

संचातली सर्वांत साधी वस्तू, आणि सर्वांत मोलाची. सेंटिमीटरच्या खुणांची चपटी फीत, तिच्यातून जाणाऱ्या दोन तारा, टोकाला जड प्रोब आणि फिरकीवर 9 व्होल्टची बॅटरी, बझर, दिवा. प्रोब पाण्याला टेकला की पाण्यातून सर्किट पूर्ण होतं आणि बझर वाजतो. दोरीला दगड बांधून 'डुब्ब' आवाजावर पातळी सांगणाऱ्यांची विहिरीत फार चूक होत नाही. पण बोअरमध्ये दोरीचा उपयोग नाही आणि फरक सेंटिमीटरचा असेल तेव्हा विहिरीतही नाही.

वापरायची रीत अशी. आधी नळाच्या पाण्याच्या पेल्यात प्रोब बुडवून बझर वाजतो ना ते पाहायचं. विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने बाण काढायचा आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. फीत सोडायची, बझर वाजला की हळूच वर घ्यायची, पुन्हा टेकवायची. दोन वाचनांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्यायचं. मग आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, कारण पातळी जमिनीपासून खाली किती हे हवं असतं. वजाबाकी विसरणं ही नोंदवहीतली सगळ्यांत जास्त आढळणारी चूक. एका महिन्यात वजा केली आणि दुसऱ्यात नाही, की पाणी 80 सेंटिमीटर चढल्याचं किंवा उतरल्याचं दिसतं. प्रत्यक्षात तो कठडा असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मोटार चालू असताना, किंवा बंद करून तासभरच झालेला असताना घेतलेलं वाचन फेकून द्यावं. काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरीला उपशानंतर पुन्हा भरायला रात्र जाते, काहींना दोन दिवस लागतात. ज्या आठवड्यात रात्रपाळीची वीज असते तेव्हा पहाटेचं वाचनही खोटं ठरतं. म्हणून मोजणीचा दिवस फीडरचं वेळापत्रक बघून ठरवावा आणि नोंदीशेजारी 'मोटार किती तास बंद होती' असा एक रकाना आखावा. छापील तक्त्यात तो सहसा नसतो. हाताने आखून घ्या.

बोअरमध्ये साउंडर सोडताना प्रोब कॉलम पाइप (मोटारीतून पाणी वर आणणारा पाइप), केबल आणि सुरक्षा दोरी यांच्यात हमखास अडकतो. ओढाताण केली की फीत तुटते आणि प्रोब तळाला जातो. उपाय म्हणजे मोटार बसवतानाच कॉलम पाइपला बांधून एक इंची पीव्हीसी नळी पंपाच्या थोडी वरपर्यंत सोडायची. तिचं खालचं तोंड उघडं ठेवायचं आणि शेवटच्या मीटरभरात भोकं पाडायची. त्या नळीतून प्रोब सरळ उतरतो. आणखी एक फसवणूक: बोअरच्या वरच्या झऱ्यातून पाणी भिंतीवरून गळत असेल तर प्रोब ओला होऊन मध्येच वाजतो. बझर तुटक वाजला, थांबला, पुन्हा वाजला तर ते गळतं पाणी. खरी पातळी लागली की आवाज सलग येतो.

आता विहिरींची निवड. हजार हेक्टरच्या गावाला आठ-दहा विहिरी पुरतात, पण त्या सोयीच्या नकोत. पाणलोटाच्या माथ्यावरच्या दोन, मधल्या उतारावरच्या तीन, नाल्याकाठच्या तीन आणि पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर. पाझर तलावाच्या पायथ्याची विहीर यादीत घेतली की सगळं गाव सुखी दिसतं. बोअरचं वाचन वेगळ्या पानावर ठेवावं. विहीर मुरूम आणि मांजऱ्यातलं (मऊ, झिजलेल्या खडकातलं) उथळ पाणी दाखवते; दोनशे फुटी बोअर खालच्या थराचं. दोघांची सरासरी काढणं म्हणजे घागर आणि टाकी यांची सरासरी काढणं.

सार्वजनिक विहीर यादीत असलीच पाहिजे. ज्याच्या नावावर शेत नाही, बोअर नाही, त्याचं सगळं पाणी तिथूनच येतं आणि उन्हाळ्यात सगळ्यांत आधी आटते तीही बहुधा तीच. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी विहीर-बोअर घेण्यावर निर्बंध घालणारा कायदा राज्यात 1993 पासून आहे. 2009 च्या भूजल अधिनियमाने (अंमल 2014 पासून) शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवरही बंधन आणलं. पण तक्रार करायची तर हातात नोंद लागते: शेजारचा बोअर चालू झाल्यावर सार्वजनिक विहीर किती उतरली, कधी उतरली, पूर्वी याच तारखेला कुठे होती. ही नोंद साउंडर देतो. म्हणून पैकीच्या पैकी.

पर्जन्यमापक

उपकरण चांगलं, बसवणी बहुतेक ठिकाणी वाईट. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलेल्या मापकात वाऱ्यामुळे पाऊस कमी पडतो, आणि कडुनिंबाखाली बसवलेला तर पानांचाच हिशेब ठेवतो. मोकळ्या जागी, तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, ही किमान अट. वाचन सकाळी साडेआठला, रोज. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे.

मोजपात्र फुटलं की खरा घोळ सुरू होतो. 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिलिलिटर पाणी. जुन्या 127 मिलिमीटर व्यासाच्या मापकात तेच 12.7 मिलिलिटर भरतं. तालुक्याहून दुसऱ्याच मापकाचं पात्र आणलं तर 100 मिलिमीटरचा पाऊस 63 दिसतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. पात्र फुटलंच तर दवाखान्यातली सिरिंज किंवा मिलिलिटरच्या खुणांचं कुठलंही भांडं घ्या आणि भागाकार करा.

आपोआप मोजणाऱ्या, छोट्या वाट्या कलंडणाऱ्या मापकात कोळी आणि गांधीलमाशा घर करतात. मे अखेरीस झाकण काढून साफ करावा आणि मोजून घेतलेलं पाणी हळूहळू ओतून आकडा पडताळावा. मुसळधार पावसात तो थोडा कमी मोजतो, हेही लक्षात असू द्या.

वर्षाची बेरीज सांगणाऱ्या गावाला या उपकरणाचा निम्माच फायदा मिळतो. 600 मिलिमीटर पाऊस 45 दिवसांत पडला तर मुरतो. 18 दिवसांत पडला तर नाल्याने वाहून जातो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी बेरजेपेक्षा दोन पावसांमधला खंड किती दिवसांचा, हे विहिरीचं भवितव्य ठरवतं आणि ते फक्त रोजच्या नोंदीत दिसतं.

फ्लोमीटर आणि 200 लिटरचा बॅरल

भूजलाच्या हिशेबात जमेची बाजू मोजायला तीन उपकरणं आहेत, खर्चाची मोजायला हे एकच. आणि नेमकं तेच सगळ्यांत आधी बंद पडतं. यांत्रिक फ्लोमीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीचा सरळ तुकडा लागतो. तीन इंची पाइपला अडीच फूट आणि सव्वा फूट. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटवून बसवला तर चुकीचं मोजतो. पाइप पूर्ण भरून वाहायला हवा. विहीर तळाला गेली की मोटार हवा ओढते आणि मीटर हवाही पाणी म्हणून मोजतो. शेवाळ आणि रेतीने पंखा अडकतो, म्हणून आधी जाळी हवी, आणि ती जाळी दर पंधरवड्याला कुणीतरी धुवायला हवी.

हे सगळं जमलं तरी शेतकरी तो बसवू देईलच असं नाही. आज मीटर, उद्या पाणीपट्टी, ही धास्ती खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. सक्तीने बसवलेले मीटर सापडतात ते पाइपाशेजारी, खोक्यात.

त्यापेक्षा बॅरल बरा. 200 लिटरचा बॅरल डिलिव्हरी पाइपखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला 5 लिटर, म्हणजे तासाला 18 घनमीटर. मोटार किती तास चालली ते शेतकऱ्याच्या वहीतून घ्या आणि गुणा. मोजणी दर महिन्याला करावी, कारण पातळी उतरेल तशी तीच मोटार मार्चमध्ये ऑक्टोबरपेक्षा कमी पाणी फेकते. ताळा असा घ्यायचा: एकरभर रान 60 मिलिमीटर भिजवायला सुमारे 243 घनमीटर पाणी, म्हणजे या मोटारीला साडेतेरा तास. शेतकरी पाटाने एका एकराची पाळी पाच तासांत उरकल्याचं सांगत असेल तर वही चुकलीय किंवा बॅरल. फीडरवर महिन्याला किती युनिट गेली हा आकडा मिळाला तर गावाच्या एकूण उपशालाही ताळा बसतो.

फ्लोमीटर घ्यायचाच असेल तर सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर बसवा. तिथे विरोध नसतो, आणि टाकीत गेलेलं पाणी नि घराघरांत पोचलेलं पाणी यातली गळती पहिल्याच महिन्यात कळते.

स्वयंचलित पातळी नोंदक

दिसायला सगळ्यांत भारी. निरीक्षण बोअरमध्ये दाबमापक टांगलेला, ठरावीक तासांनी वाचन, सिमकार्डावरून आकडा थेट सर्व्हरला. भूजलतज्ज्ञाला याचा फायदा मोठा आहे: पाऊस पडल्यावर किती तासांनी पाणी चढतं, रात्रीची वीज आली की आसपासच्या उपशाने पातळी कशी खाली बसते, हे हाताच्या मोजणीत कधीच दिसणार नाही. गावाला मात्र तो एकाच बोअरचं, एकाच थराचं सांगतो, आणि आकडा गावाबाहेर जातो.

बिघाड ठरलेले आहेत. मे महिन्यात पाणी दाबमापकाच्या खाली गेलं की आलेखावर सरळ आडवी रेष येते. ती स्थिर पातळी समजू नये, यंत्र हवेत लोंबतंय. हवेच्या दाबाची दुरुस्ती नसलेला नोंदक वादळी दिवसांत दहा सेंटिमीटरचे खोटे चढउतार दाखवतो, कारण हवेच्या दाबात दहा हेक्टोपास्कलचा फरक पडला की पाण्याचे तेवढे सेंटिमीटर बदलतात. बोअरला गाळ धरला तर पातळी उशिरा हलते. यावर औषध पुन्हा साउंडरच: वर्षातून चार वेळा हाताने मोजायचं आणि नोंदकाच्या आकड्याशी ताडायचं. फरक वाढत गेला की संबंधित यंत्रणेला लेखी कळवायचं.

गावाने स्वतःच्या पैशाने हा घेऊ नये. त्या रकमेत साउंडर आणि मोजणाऱ्या दोन मुलींचं वर्षभराचं मानधन बघा आधी.

पाण्याचा ताळेबंद

खरी सेवा ही. बाकीची उपकरणं हिच्यासाठी. एक उदाहरण घेऊ; आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गावाचे घालावेत.

समजा गाव 1,000 हेक्टरचं. मे अखेरीस विहिरींची सरासरी पातळी जमिनीखाली साडेनऊ मीटर, ऑक्टोबरात साडेपाच. चढ 4 मीटर. पण खडकात सगळी जागा पाण्याची नसते. झिजलेल्या, सांधे असलेल्या बेसॉल्टमधून उपसून निघणारं पाणी आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. मग साठा 800 हजार घनमीटर, तक्त्याच्या भाषेत 800 टीसीएम. नाल्याला आपसूक झिरपणारे दहा टक्के सोडा: 720. अडीच हजार माणसं, माणशी रोज 55 लिटर: वर्षाला 50. हजार-बाराशे जनावरं: 22. राहिलं साधारण 648.

आता पेरणीचा बेत. कांदा 60 हेक्टर, हेक्टरी 6 हजार घनमीटर: 360. हरभरा 150 हेक्टर, दोन पाळ्या: 180. गहू 40 हेक्टर: 160. ऊस 20 हेक्टर, पावसाळा सोडून हेक्टरी 15 हजार: 300. बेरीज 1,000. तूट 352. दोनशे सत्तर हेक्टरांपैकी वीस हेक्टर ऊस तीस टक्के पाणी घेतो, हे तक्त्यात पाहणं वेगळं आणि सभेत, ऊसवाला समोर बसलेला असताना मोठ्याने वाचणं वेगळं.

तक्त्याचा दोष असा की तो दशांशापर्यंत नेमका दिसतो आणि त्याचा पायाच अंदाज असतो. 2 टक्क्यांऐवजी 1 धरलं तर साठा 400, 3 धरलं तर 1,200. पहिल्या आकड्याने हरभराही अडचणीत, दुसऱ्याने ऊसही बसतो. हा टक्का बाहेरून दिलेला तसाच ठेवू नये. तो गावातच काढता येतो: ऑक्टोबर ते जानेवारी पातळी 2 मीटर उतरली आणि बॅरल-तासांच्या हिशेबाने उपसा 250 टीसीएम झाला असेल, तर 250 ला 1,000 हेक्टर गुणिले 2 मीटरने भागा. उत्तर सव्वा टक्का. दोन-तीन वर्षं हे केलं की गावाला आपल्या खडकाचा खरा टक्का सापडतो. जे गाव उपसा मोजत नाही त्याला तो कधीच सापडत नाही, आणि म्हणूनच वरचा बॅरल दिसतो तेवढा किरकोळ नाही.

दुसरा दोष ठिबकच्या ओळीत. तक्ता ठिबकखालच्या क्षेत्राला बचत धरतो. प्रत्यक्षात वाचलेल्या पाण्यावर त्याच वर्षी आणखी दोन एकर लागतात आणि विहीर तिथेच येते. ठिबकची बचत जमेला धरायची असेल तर त्या विहिरीवरचं एकूण भिजणारं क्षेत्र आधी ठरवून, लिहून घ्यावं लागतं.

तिसरा दोष वेळेचा. आराखडा डिसेंबरात मंजूर झाला तर तो इतिहास आहे. कांद्याची रोपं तोवर लागलेली असतात. मोजणी सप्टेंबर अखेर, बेरीज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सभा दुसऱ्या आठवड्यात. याच्या पुढे गेलं की त्या वर्षापुरता उपयोग संपला.

हिवरे बाजारात ताळेबंद चालतो तो नियम आधी झाले म्हणून: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. त्यावर दरवर्षीचं पाणी सभेत मांडलं जातं आणि पिकं ठरतात. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970 च्या दशकात याहून पुढचं केलं: पाणी जमिनीवर न देता माणशी दिलं, भूमिहीनालाही हक्क दिला आणि ऊस वगळला. दोन्हीकडे मोजणी नियमाच्या मागून आली. संच वाटून नियम आपोआप येईल, असा भरवसा ठेवणाऱ्या गावात वहीत आकडे साठतात आणि बोअर खोल जात राहतात.

फलक

रंगवताना उत्साहात, पहिल्या वर्षीचे आकडे ऑइलपेंटमध्ये, पुढे तसेच. ऑइलपेंटचा फलक नको, शाळेतला काळा फळा हवा. त्यावर तीनच ओळी: आजची पातळी, गेल्या वर्षी याच तारखेची पातळी, आणि या हिशेबाने कांद्याला अजून किती पाळ्या मिळतील. 'टीसीएम' कुणी वाचत नाही, पाळ्या सगळे वाचतात.

संच ताब्यात घेताना

साउंडरची फीत पूर्ण उलगडून पाहा. मध्ये जोड असेल तर नको. गावातल्या सर्वांत खोल बोअरपेक्षा ती 20 मीटर तरी लांब हवी. पर्जन्यमापकाचं मोजपात्र दोन मागा आणि दोन्ही त्याच मापकाची आहेत ना, पाणी ओतून बघा. पाणी तपासायचं किट असेल तर रसायनांच्या बाटल्यांवरची मुदत वाचा. मुदत संपलेलं किट फ्लोराइड असूनही नसल्याचं सांगू शकतं आणि तेच धोक्याचं. नोंदक बसवला असेल तर आकडे पाहायचा दुवा आणि पासवर्ड ग्रामपंचायतीच्या नावावर लेखी घ्या. मोजणाऱ्याचं नाव ठरावात घाला, मानधनासकट, आणि बदली माणसाचंही. आणि मोजणी झाली की साउंडरची बॅटरी काढून ठेवायला विसरू नका. गळालेली बॅटरी फिरकीचे टर्मिनल खाते आणि मेमध्ये, नेमक्या गरजेच्या वेळी, बझर गप्प राहतो.